शटल, साखर आणि प्रसन्न

"झोप ही आळशी माणसांची सोय आहे!" प्रसन्नने जाहीर करून टाकलं. "शरीराला लागते ती फक्त कॉफी!"

नोएडाच्या एका न्यूज चॅनेलमध्ये रात्रपाळी करून तो नुकताच मयूर विहारच्या घरी पोचला होता. डोळे पिकलेल्या टोमॅटोसारखे! आणि बायको, अरुणा, बॅडमिंटनचे बूट घालून दारातच उभी. आज सोसायटीची मिक्स्ड डबल्स! गेल्या वर्षी फायनलला खुराना नवरा-बायकोंनी या दोघांना असं धुतलं होतं, की मिसेस खुराना अजूनही लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, "प्रॅक्टिस चल रही है ना, बेटा?" त्या एका 'बेटा'पायी अरुणा वर्षभर गच्चीतल्या भिंतीशी खेळत होती.

"तू सुट्टी घेणार होतास ना?"

"ब्रेकिंग न्यूज आली यार! पण टेन्शन घेऊ नकोस. मी एक लेख वाचलाय. झोप झाली नसेल तर कॉफीनं खेळ सावरतो. खेळाडूंवर प्रयोग केलेत लोकांनी!"

"किती कॉफी, ते लिहिलं होतं?"

"तिथपर्यंत पोचलो नाही. बॉसनं हाक मारली."

मग त्याने अंदाजाने घेतली. साखर जास्त, दूध नावापुरतं. एक मग झाला, दुसरा झाला, उरलेली थर्मासमध्ये भरली आणि कोर्टाच्या कडेला बसून तोही रिकामा केला.

सेमीफायनल सिन्हा पती-पत्नींशी. दोघंही रिटायर्ड, गुडघ्यांना पट्टे. प्रसन्न असा सुटला, की शटल पोचायच्या आधी हा तिथं हजर! रॅकेट हवेत फिरवून मोकळा, मग शटल सावकाश डोक्यावर टपकायचं. सर्व्हिस करताना हात व्हायब्रेटवर ठेवलेल्या मोबाइलसारखा थरथरत होता. एक शटल तर थेट अंपायरच्या चहात!

"माझा! माझा!" तो अरुणाच्या अंगावरून ओरडत धावला.

"अरे, तो शॉट माझा होता!"

"माझा!"

पुढच्या वेळी त्याने नेटपलीकडच्या, सिन्हाअंकलकडे चाललेल्या शटललाही "माझा!" म्हणून झेप घेतली आणि नेटसकट त्यांच्या पायाशी जाऊन पडला.

सिन्हाआंटींनी रॅकेट खाली ठेवली. "हम छोड़ते हैं। हमें सही-सलामत घर जाना है।"

"बघितलंस? कॉफी!" प्रसन्न छाती फुगवून म्हणाला.

"मी पाया पडते, फायनलला मागेच उभा राहा," अरुणा म्हणाली.

फायनल सुरू झाली आणि कॉफीने हात टेकले. दिवे गेल्यासारखा प्रसन्न विझला. उभ्या उभ्या पापण्या मिटल्या. समोर खुराना मात्र सेमीफायनल पाहून सावध झालेले. हा बैल स्मॅशच मारणार, म्हणून पार मागच्या रेषेवर जाऊन उभे!

"प्रसन्न! तुझ्याकडे सर्व्हिस येतेय!"

त्याने डोळे न उघडताच रॅकेट वर केली. शटल तिला जेमतेम शिवलं आणि नेटपलीकडे अलगद पडलं. मिस्टर खुराना धावले, घसरले आणि पोटावर आडवे झाले.

"क्या टच है!" ते जमिनीवरूनच म्हणाले.

सर्व्हिसचंही तेच. हातात जीवच नव्हता, त्यामुळे शटल नेटला घासून पलीकडे गळून पडायचं. बाकी सगळं कोर्ट अरुणा एकटी पळत होती. पुढे तीच, मागे तीच, मध्ये झोपलेला नवरा, त्याला वळसा घालून परत तीच! शेवटचा पॉइंट तिने मिसेस खुरानांच्या पायाशी मारला, तेव्हा सोसायटी टाळ्यांनी दणाणली. प्रसन्न दचकून "थँक यू" म्हणाला. दोघा शेजाऱ्यांनी त्याला खांद्याला धरून घरी नेऊन झोपवलं.

संध्याकाळी तो ताडकन उठला. रॅकेट उचलून धावत खाली गेला. कोर्ट रिकामं! नेट गुंडाळत होते. समोरून मिस्टर खुराना लंगडत आले. "भाईसाहब, क्या खेले आज आप!"

टोमणाच तो! प्रसन्नचा चेहरा पडला. मान खाली घालून तो वर आला. अरुणा चहा पीत बसली होती. शेजारी चकचकीत कप.

"सॉरी गं. फायनलला मी पोचलोच नाही," तो पुटपुटला. "मग... हा कप कसा?"

अरुणाने चहाचा घोट घेतला. क्षणभर विचार केला.

"एकटी खेळले," ती म्हणाली.

तेव्हापासून प्रसन्न ऑफिसात सगळ्यांना अभिमानाने सांगतो, की आमच्या हिने एकटीने डबल्स जिंकली. आणि अरुणाला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडत नाही!