धनेशाच्या बदलीस माझी संमती

उत्तर न दिलेले पत्र हेच सरकारदरबारी सर्वांत स्पष्ट उत्तर समजले जाते. माझे असे एक आहे.

ते मार्च १९८६ मध्ये जामसंड्याला आले. पृथ्वी तापणार असल्याचे वरून कळल्यामुळे एका दूरदर्शी कार्यालयाने वन्यप्राण्यांच्या पुढील चाळीस वर्षांच्या राहण्याचा तक्ता तयार केला होता. (माणसांचा तक्ता विचाराधीन होता.) त्यानुसार आमच्या देवराईतल्या धनेश पक्ष्याच्या जोडप्याची थंड हवेच्या आंबोलीस बदली झाली होती आणि मोकळ्या होणाऱ्या देवराईत काजू लागणार होते. वाटेत पक्ष्यांना विसाव्यापुरतेही झाड उरणार नव्हते. पण वाट हा वेगळ्या खात्याचा विषय. हरकत असल्यास गावातल्या सुशिक्षित रहिवाशाने, म्हणजे निवृत्त मास्तर म्हणून मी, पंधरा दिवसांत लेखी कळवायची होती.

देवाने आधी कळवली. सत्यवान गुरवाने कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी डावीकडे पडली, म्हणजे नकार. कार्यालयाने तो आदरपूर्वक परत केला. अर्जदाराची सही नव्हती.

मी लिहायला बसलो. 'हरकत आहे' हे उद्धट वाटले. 'हरकत असावी' यात मीच डळमळीत दिसत होतो. 'हरकत नाही असे नाही' हे आवडले, पण दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ मलाच लागेना.

शेजारची काशीबाई रोज कुंपणावरून हाक मारी.

"मास्तरानू, लिवलात?"

"शब्द जुळवतोय."

"मादी बेहड्याच्या ढोलीत बसलीसा, तोंड लिपून घेतल्यान आसा. ती आंबोलेक कशी जातली? तुमचे शब्द घेवन?"

काशीबाईचे बरोबर होते. अंडी घालताना धनेशाची मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते. फटीतून नर भरवतो. (इतकी चोख हजेरी कोणत्याही कार्यालयात आढळत नाही.)

सोळाव्या दिवशी माझी संमती गृहीत धरून बेहडा पाडला. मी सातव्या मसुद्यावर होतो. मादी अंड्यांसह आतच होती. मात्र ढोली रिकामी असल्याचा दाखला कागदांना जोडलेला होता.

नर आंबोलीस रुजू झाला नाही. चोचीत उंबर घेऊन तो कितीतरी दिवस बुंध्यापाशी येत राहिला. कार्यालयाने त्याची अनधिकृत गैरहजेरी मांडली.

आज, तीन वर्षांनी, माझे उत्तर पूर्ण झाले : 'हरकत आहे.' असेच पत्र तुमच्याही गावी आले असून तुम्हीही अद्याप शब्द जुळवत आहात, एवढे त्याच कागदावर खाली, वाचकहो, तुमच्या वतीने नम्रपणे कळवले आणि पाकीट पेटीत टाकले.