वारं कापणारी टोकं

साखर कारखान्यातला चिटबॉय वयानेही बॉयच असला पाहिजे, असा काही नियम नाही. देवळाली प्रवऱ्याचा यशया पंचेचाळिशीला टेकला तरी ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा चिटबॉयच होता. बांधावर उभं राहून, डोळे बारीक करून, तो कुठल्याही उसाचं एकरी टनेज सांगायचा. (ते खरं निघालं का, हे विचारायचं नसतं.) नजरेनं सगळं कळतं अशी एकदा खात्री पटली, की माणूस उसापाशी थांबत नाही.

त्याची बायको मरिया प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि धनुष्यबाणात तरबेज. धनुष्यही साधंसुधं नाही, दोन्ही टोकांना चाकं असलेलं कंपाउंड. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या संघातली जागा तिची एका गुणाने हुकली. ते दुःख तिनं वर्षभर कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, फक्त रोज संध्याकाळी घरामागे बाण मारत राहिली. उद्या नगरला पुन्हा निवड होती. चाळिशीतल्या बाईला अशी संधी किती वेळा येणार, हे यशयालाही कळत होतं. म्हणूनच त्यानं मदत करायची ठरवली.

नगरच्या मैदानावर वारं लई, त्यानं विचार केला. हलका बाण भरकटणार. टोक जड पाहिजे, म्हणजे वारं कापत जाईल. भरलेला ट्रक वाऱ्यानं हलत नाही, रिकामा हलतो. एवढं विज्ञान त्याला पुरेसं वाटलं. मरिया शाळेत गेल्यावर त्यानं बाणांची जुनी टोकं गरम करून उपसली, जवळजवळ दुप्पट वजनाची नवी चिकटवली आणि जुनी टोकं, घरात पसारा नको म्हणून, भंगारवाल्याला देऊन टाकली. (घर आवरायची बुद्धी त्याला वर्षातून एकदा होते.) बायकोला सांगितलं नाही. जिंकून आली की सांगू, जरा भाव मिळेल, असा त्याचा बेत होता.

संध्याकाळी मरियानं पहिला बाण सोडला. तो मासळीसारखा शेपूट हलवत निघाला आणि लक्ष्य सोडून थेट शेजारच्या उसात शिरला. दुसराही उसात. तिसरा शेजारीण रतनबाईंच्या पाण्याच्या टाकीत.

"आगं मास्तरीनबाई!" रतनबाई पदर खोचत आल्या. "टाकीला कारंजं फुटलं की! कालच पानी भरून ठिवलं हुतं."

"मावशी, चुकून झालं हो."

"चुकून झालं त्ये दिसतंय. पन न्हेम कशावर हुता?"

धनुष्य खाली ठेवून मरिया आपल्या हाताकडे बघत राहिली. "अहो, माझा हातच गेला," ती म्हणाली. "उद्या जाण्यात अर्थ नाही. कोच सरांना फोन करून सांगते."

ती रडली असती तर यशयानं निभावून नेलं असतं. ती रडली नाही, हे मात्र त्याला सोसवेना.

"मरिया, हात न्हाई गेला. टोकं म्या बदलली. वाऱ्यासाठी जड बसवली."

"जुनी कुठायत?"

"भंगारात."

"एवढी स्वच्छता तुम्हाला आजच सुचली?"

यशया बाण शोधायच्या निमित्तानं उसात घुसला. आत रतनबाईंचा उंच ऊस शेंड्याच्या भारानं आडवा लोळलेला होता. पलीकडचा आखूड खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचा नवा फुटवा, मात्र पोलिसासारखा ताठ उभा. यशया दोन्हींकडे बघत राहिला आणि मग आतूनच ओरडला, "मरिया, बाण लोळतोय!"

"बाहेर येऊन बोला!"

"डोकं जड झालं, दांडी तीच ऱ्हायली. मागनं दोरीचा धक्का बसला की ती वाकनारच! येक तर जाड दांडी पायजे, न्हाईतर आखूड."

जाड दांड्या उद्यापर्यंत मिळणार नव्हत्या. "आखूड केला की दांडी ताठ होते, हे सरही सांगतात," मरिया म्हणाली. "पण किती आखूड?"

"नजरेनं सांगतो की."

"खबरदार!"

मग तिनं बाण लावून धनुष्य पूर्ण ओढलं आणि यशयाला फक्त एवढंच काम दिलं, की बाण कुठवर कापला तरी चालेल तिथं खूण कर. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात बारीक चाकावर आधी एकच बाण, टोक उपसून, कापला आणि टोक परत चिकटवलं. घरी येऊन मारला, तर शेपटी कमी हलली. आणखी जरासा कापला. यशयाच्या फेऱ्या चालूच. शेवटी तो बाण न डगमगता गेला आणि लक्ष्याच्या मधोमधच्या पिवळ्यात रुतला. रतनबाई, टाकी विसरून, "आता कसं!" म्हणाल्या. बाकीचे त्याच मापाने कापले, आणि मरिया अंधार पडेपर्यंत नवा नेम बसवत राहिली.

दुसऱ्या दिवशी नगरला असं वारं सुटलं, की मंडपाचं कापड फडफडून फाटायची वेळ आली. भल्याभल्यांचे बाण उजवीकडे सरकू लागले. मरियाचे मात्र पिवळ्यात, एकाला एक खेटून. संघात नुसतं नाव लागलं नाही, पहिलं लागलं! यशया इतका मोठ्यानं ओरडला की पंचांनी त्याला खाली बसायला सांगितलं.

"बाण कुणी जुळवले?" सरांनी विचारलं.

"यांनी," मरिया सगळ्यांदेखत म्हणाली, आणि यशयाचे डोळे भरून आले. एवढं कौतुक त्याच्या वाट्याला लग्नातही आलं नव्हतं.

गावात रतनबाईंनी तिला ओवाळलं, रविवारी चर्चमध्ये टाळ्या पडल्या. यशया तर आता भेटेल त्याला बाण आणि उसाचं शास्त्र समजावत होता. सोमवारी सकाळी तो उत्साहानं उठला. राज्य स्पर्धेला अजून महिना होता; तेवढ्यात बाणांच्या मागच्या पिसांचं काहीतरी करता येईल, असं त्याच्या मनात आलं. बाणांची पेटी ओढली, तर तिला नवंकोरं पितळी कुलूप.

"मरिया, किल्ली कुठंय गं?"

"रतनमावशींकडे," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "आणि त्यांना बजावून ठेवलंय, तुम्ही सोडून कुणीही मागितली तरी द्या."