डिराप बारा इंच

येसबाने एकदा पाटलांच्या घरची सत्यनारायणाची पूजा मध्येच थांबवली होती. भटजी तिसऱ्या अध्यायात होते, बायका हात जोडून बसल्या होत्या, आणि हा गडी मागून उठून थेट चौरंगापाशी गेला. "वाईच थांबा," म्हणाला. चौरंगावरच्या कपड्याची एक बाजू त्याने वितीने मोजली, मग दुसरी मोजली. "ह्या अंगाला एक वीत चार बोटं, त्या अंगाला नुसती वीत. देवाला काय वाटत आसंल?" भटजींनी पोथी मिटली. येसबाने दोन्ही हातांनी तो कपडा कलशाखालून असा हळू ओढून सारखा केला, की कलशातलं पाणीसुद्धा हललं नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. भटजी मात्र इतके चिडले की त्यांनी कथा पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरू केली, आणि प्रसाद मिळायला आम्हांला तासभर जास्त लागला.

मेढ्याच्या पलीकडे डोंगरात आमचं गाव. मी तिथला शिंपी. मला सगळे नाना म्हणत. आमच्या जावळीत घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे लढाई संपून येसबा सहा वर्षांनी परत आला तेव्हा आम्ही सगळे पारावर जमून तयार होतो. किती शत्रू मारले, तोफेचा आवाज कसा येतो, हे ऐकायचं होतं. येसबाने खाकरून सुरुवात केली ती सूप कोणत्या बाजूने वाढायचं इथून. त्याला म्हणे गेल्या गेल्या साहेब लोकांच्या मेसमध्ये टाकला होता आणि सहा वर्षं तो तिथेच होता.

गावाची फार निराशा झाली. कुणीतरी म्हणालं, "म्हंजी बंदूक चालवलीच न्हाईस व्हय रं?"

"बंदूक कुनीबी चालवतंय," येसबा म्हणाला. "सुरी ताटाच्या कुठल्या अंगाला ठेवायची, त्याला अक्कल लागती."

त्या दिवसापासून येसबाचा मेसबा झाला. त्याला त्याचा राग नव्हता. उलट कुणी नुसतं येसबा म्हटलं तर तो जरा उशिरा ओ द्यायचा.

त्याच्या सगळ्या विद्येचं सार एका शब्दात होतं, आणि तो शब्द म्हणजे डिराप. टेबलावर कपडा अंथरला की कडेवरून जेवढा खाली लोंबतो तो डिराप. तो चारी बाजूंनी बारा इंच पाहिजे. अकरा झाला तर टेबल उघडं दिसतं, तेरा झाला तर बसणाऱ्याच्या मांडीवर कपड्याचा बोळा होतो. "रूल म्हंजे रूल," तो म्हणायचा. आता आमच्या गावात टेबल एकच, शाळेतलं, आणि त्याच्यावर मास्तरांची छडी आणि पानाचा डबा. त्यामुळे येसबा ही विद्या मिळेल तिथे वापरायचा. बाजल्यावरची घोंगडी, बैलाच्या पाठीवरची झूल, वाळत घातलेली लुगडी, काही सोडायचा नाही. बायका त्याला येताना बघून दोरीवरची धुणी काढून घ्यायच्या.

लढाईनंतरच्या दुसऱ्या दिवाळीआधी त्याने साताऱ्याहून लष्करी सामानाच्या लिलावातलं टेबल आणलं. आठ माणसं बसतील एवढं. बैलगाडीतून ते उतरवलं आणि कळलं की ते दारातून आत जात नाही. उभं करून झालं, आडवं करून झालं, तिरकं करून झालं. त्याचे वडील आबा उंबऱ्यावर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "मानसं तीन आन् टेबल आठाचं. दार मोठं करतूस का टेबल बारीक?" मग सुताराला बोलावून पाय काढले, आत नेऊन पुन्हा बसवले. त्या टेबलाने घरातला पुढचा अख्खा सोपा खाल्ला. आबांना आपल्या घोंगडीपर्यंत जायला टेबलाखालून रांगत जावं लागे, आणि जाताना ते दरवेळी मोठ्याने रामकृष्णहरी म्हणत.

येसबा माझ्या दुकानी आला आणि छाती काढून उभा राहिला. "नाना, पाडव्याचा फराळ टेबलावर. घरातल्या सगळ्यांनी एका टायमाला बसायचं. तुमीबी यायचं. ह्ये जमलं न्हाई, तर माजी सा वर्सं फुकट गेली म्हना. टेबलकिलाथ शिवायचा हाय. माप घ्यायला चला."

आयुष्यात मी नवऱ्या मुलांची मापं घेतली, पैलवानांची घेतली, एकदा तमाशातल्या घोड्याचंही घेतलं. पण टेबलाचं माप घ्यायला मी गळ्यात टेप घालून पहिल्यांदाच निघालो. येसबा शेजारून हुकूम सोडत होता. लांबी झाली, रुंदी झाली, तीन बाजूंचा डिराप बारा इंच झाला. चौथ्या बाजूला, म्हणजे आतल्या स्वयंपाकघराकडच्या बाजूला, त्याने बोट थेट जमिनीकडे दाखवलं.

"हितं भुईपातूर."

मी टेप खाली ठेवला. "येसबा, एक बाजू एवढी लांब? सुटलेल्या धोतरावानी दिसंल की रं. आन् तुजा रूल?"

"ह्यो येगळा रूल हाय."

"कुठल्या मेसचा?"

"तुमी लिवा की नाना!"

त्या काळात कापडावर कंट्रोल. रेशनकार्डावर मिळेल तेवढ्यातच सण. मी सगळा हिशोब जुळवून सांगितलं, की मांजरपाट पुरायचा नाही, तिन्ही बाजू जरा आखूड कर किंवा ही चौथी सरळ कर. तो तिन्ही बाजूंचा अर्धा इंच सोडेना आणि चौथीचाही सोडेना. दोन दिवस आमची रोज भांडणं झाली. तिसऱ्या दिवशी त्याने कार्डावर मिळालेलं दिवाळीचं स्वतःचं नवं धोतर माझ्या मशीनवर आणून टाकलं. "ह्ये जोडा." मी म्हटलं, अरे, पाडव्याला काय नेसशील? तो म्हणाला, "खाकी पँट हाय की." धोतराचा तांबडा काठ बरोबर खाली आला. मला मनातून ते काम पटत नव्हतं. वाकडं शिवायला माझे हात तयार होत नव्हते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी कपडा घेऊन टिरायलला गेलो. टिरायल माणसाची असते, टेबलाची नसते, पण येसबापुढे कोण बोलणार? कपडा अंथरला. त्याने मला समोरच्या बाकड्यावर बसवलं, आबा बसणार होते त्या जागी. मग तो आत गेला आणि बाहेर आला तो कमरेला बायकोचं हिरवं लुगडं गुंडाळून. वर खाकी सदरा, ओठांवर भरघोस मिशा. तो लांब डिरापाच्या बाजूला जाऊन बाकड्यावर बसला, कपड्याआड पाय खाली सोडले आणि गंभीरपणे विचारलं, "नाना, पाय दिसत्यात का?"

मी टेप तोंडात धरून हसू दाबलं.

"हसू नगा. वाकून बगा. बोटं दिसत्यात का?"

नेमके तेव्हाच आबा टेबलाखालून रांगत बाहेर आले. ते लुगड्याकडे बघत राहिले. मग मिशांकडे. "येसू, ह्ये काय रं?"

"आबा, टिरायल."

आबांनी रामकृष्णहरी म्हटलं आणि गोठ्याकडे निघून गेले. आतल्या दारामागे बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी तोंडात पदर कोंबून हसलं. ती चंद्रा, येसबाची बायको. येसबा तसाच, लुगड्यासकट, माझ्याजवळ येऊन बसला. आवाज मात्र त्याचा एकदम खाली आला.

"ती न्हाई म्हनती बसायला. सासऱ्यासमोर पाय लोंबकळत सोडून बसायचं म्हंजी कसं, म्हनती. म्हून ह्यो डिराप, नाना. पाय दिसलंच न्हाईत, तर लाज कसली?"

"पण एवढा हट्ट कशाला? ती आपली चुलीपाशी खाईल की."

"त्येच तर!" तो म्हणाला. "सा वर्सं मी दुसऱ्याच्या खुर्चीमागं हुबा ऱ्हायलो. बड्या दिवसाला, म्हंजी नाताळाला, साहेब आन् त्येची मडम समोरासमोर बसून खायाची. ती हसायची, त्यो हसायचा. तवा माज्या मनात आलं, गड्या, आपलं लगीन हून आठ वर्सं झाली, आपली बायकू खाताना कशी दिसती ह्ये आपल्याला म्हाईत न्हाई. ती वाढती, आमी खातो. आमी उठलो की ती आत खाती. टेबलावर कसं, सगळं आधीच मांडायचं. कुनी वाढायचं न्हाई, कुनी मागं ऱ्हायचं न्हाई."

मी टेप गुंडाळला. घरी आलो, आणि दिवा लावून माझी बायको ताट वाढत होती तिच्याकडे बघत बसलो. लगीन होऊन वीस वर्षं झाली होती. मलाही माहीत नव्हतं.

पाडव्याला सकाळी चंद्राने येसबाला ओवाळलं. तो खाकी पँटीत पाटावर बसला होता. टेबलावर लाडू, कानवले, शेव, चकल्या, सगळं मांडलेलं. आबा बसले, मी बसलो. चंद्रा आली, डोईवरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. ती लांब बाजूला बसली. पाय अजिबात दिसत नव्हते. पण येसबा! तो सवयीने तिच्या मागे जाऊन उभा राहिला, डाव्या हातावर पंचा टाकून.

"आरं, बस की," मी म्हटलं.

तो दचकला, ओशाळला आणि बसला. चंद्राचा हात मांडीवरून वर येईना. आबांसमोर तिला घास उचलवत नव्हता. सगळं कापड पायांपुढे गेलं होतं आणि खायला पदर वर करून तोंड मात्र उघडावंच लागणार होतं, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. येसबा तिच्याकडे बघे, आबांकडे बघे. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याची सहा वर्षं खरोखरच फुकट चालली होती.

आबांनी आपलं ताट उचललं. "मला न्हाई जमत बाबा ह्या माळ्यावर," म्हणाले. "गुडघं दुकत्यात." ते उतरले, भिंतीकडे तोंड करून घोंगडीवर बसले आणि मला हाक मारली, "नाना, तुमीबी या हिकडं. सोबत व्हईल."

मी माझं ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. आमच्या दोघांच्या पाठी टेबलाकडे. मला वळून बघायची फार इच्छा झाली. आबांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला.

मग चंद्राचा आवाज आला, अगदी हळू. "आवं, तुमी खावा की. आसं काय बगताय?"

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलणाऱ्या येसबाचं नुसतं बाकडं करकरलं.

आणि थोड्या वेळाने बांगड्या वाजल्या, मग चकली मोडल्याचा आवाज आला. बारीकसा, दाताखाली. आबांनी मान वर केली नाही. ताटातल्या शेवेकडे बघत ते मला म्हणाले, "खाल्ली."