लॉरीचा डावा खांदा

प्रकरण पहिलं: मी

मुंबईच्या खाली आणि गोव्याच्या वर गुन्हेगारांची झोप उडवणारा एकच इसम आहे, आणि तो काशीदला राहतो. तो मी. बाबाजी नाकती, खासगी गुप्तहेर. उंची पाच फूट तीन इंच, पण बसल्यावर जास्त वाटते. नजर घारीची, चाल मांजराची, स्मरणशक्ती... सदू, तिसरा प्राणी कोणता ठरला होता? असो. आजवर अकरा गुन्हे मी उघडकीला आणले. त्यांपैकी चार तर खरोखर घडलेही होते.

(सदूची टीप: मी सदू, साहेबांचा मेहुणा. साहेब झोपाळ्यावरून सांगतात, मी लिहितो. कंसातलं सगळं माझं. लिहिलेलं साहेब वाचत नाहीत, कारण त्यांचा चष्मा मागच्या वर्षी हरवला. तपास चालू आहे.)

प्रकरण दुसरं: उलगडा

(उलगडा होणारच आहे, तेव्हा त्याची जागा आधीच राखून ठेव, असं साहेबांचं म्हणणं. राखली आहे.)

.

.

प्रकरण तिसरं: गुन्हा

सन १९३४. फेब्रुवारीतला रविवार. दाराशी हाक आली म्हणून मी उठलो आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच अडखळलो. मोठं प्रकरण जवळ आलं की माझ्या पायांना आधी कळतं.

(शुक्रवारपासून साहेब घराबाहेर पडताना रोज अडखळतात. पाऊल टाकलं की ते ठरल्यापेक्षा खाली जातं. माझी बहीण कोकिळाताई साहेबांना म्हणाली, "अहो, दारात काय झालंय ते वाकून बघा तरी." साहेब म्हणाले, "विचारांचं वजन आहे ते.")

दाराशी अब्दुस्समद तांडेल उभा होता. वीस वर्षं त्यानं मचवा हाकला. गेल्या वर्षी मचवा विकून मोटार लॉरी घेतली: पुढे ड्रायव्हरची पेटी, मागे उघडा हौदा, हौद्यात दोन बाजूंना दोन बाकं. सकाळी काशीदहून आगरदांड्याच्या धक्क्यावर, दुपारी परत.

"बाबाजीभाव, गाडी कलली."

"संशय कोणावर?"

"कुठं कलली ते तर आधी ऐका."

"सदू, लिहून घे. फिर्यादी माहिती दडवतो."

"डाव्या अंगाला कलली!" अब्दुस्समद ओरडला. मग त्यानं सांगितलं ते असं. मागच्या चाकांच्या दांड्यावर दोन बाजूंना दोन कमानी असतात. एकावर एक पोलादी पाटे रचून कमान होते, आणि तिच्यावर गाडीचा भार. विकत घेतली तेव्हा दोन्हीकडे सात सात पाटे होते. आपल्या रस्त्यावर महिन्याला एक मोडायचा. म्हणून मुंबईहून जाडे पाटे आणवून चंदर लोहारानं दोन्हीकडे दोन दोन वाढवले. नऊ झाले. गाडी वीतभर उचलली, आठ दिवस झुल्यासारखी चालली, आणि मग डावीकडे बसली. चंदरनं डाव्या कमानीत आणखी दोन घातले. अकरा. दोन दिवस सरळ. परत बसली. आधीपेक्षा जास्त.

"गुरुवारी मोटारींचा तपासनीस येतोय," अब्दुस्समद म्हणाला. "गाडी वाकडी दिसली की परवाना जाणार. मचवा तर विकला. मग मी करू काय? गाडीला शीड लावू?"

"मी हातात घेतलेलं प्रकरण..."

"आनि माझा धोंडा?" मागून आवाज आला. अब्दुस्समदची आई, शहरबानू खाला.

"कसला धोंडा?"

"कपडे धुवायचा! विहिरीवरचा. गेल्या जुम्म्यापासून गायब हाय. धुणं काय तुझ्या टकलावर आपटू?"

"खाला," मी शांतपणे म्हणालो, "मी दगडांची प्रकरणं घेत नाही."

(खालानं साहेबांच्या टकलाकडे बराच वेळ पाहिलं. माप घेतल्यासारखं.)

प्रकरण चौथं: प्रत्यक्ष पाहणी

सोमवारी मी लॉरीतून धक्क्यापर्यंत गेलो. मुद्दाम डाव्या बाकावर बसलो. गुन्ह्याच्या थेट वर बसून विचार करणं ही माझी पद्धत.

(बाकाखाली फळी ठोकलेली, फळीवर गोणपाट. साहेबांची टाच दोनदा आपटली. साहेब म्हणाले, "मजबूत गाडी आहे.")

गाडीचा क्लीनर अलीमियाँ. हा मचव्यावर अब्दुस्समदचा खलाशी होता, मचवा गेला तसा तांडेलाबरोबर रस्त्यावर आला. स्टिअरिंगला तो सुकाणू म्हणतो, आणि गाडी थांबली की नांगर टाकला म्हणतो. त्याची मी कसून उलटतपासणी घेतली.

"गाडीभोवती कोणी परका माणूस दिसला?"

"दिसला."

"कोण?"

"तुमी."

"हं. हौद्यात काय काय भरता?"

"मानसं, मासळीच्या पाट्या, आनि भरायचं ते."

"सदू, साक्षीदार मुद्देसूद आहे. याला सोड."

प्रकरण दुसरं: उलगडा (राखीव जागेत भरलेला)

गुन्हेगार रावजी बैलगाडीवाला. लॉरीनं त्याची गिऱ्हाइकं पळवली. सुडापोटी त्यानं कानशीनं डाव्या कमानीचे पाटे घासून बारीक केले. प्रकरण संपलं.

(रावजीला समोर आणलं. तो म्हणाला, "गाडी रस्त्यात मोडली की ओढायला माझेच बैल लावतात. ढवळ्या आता लॉरी बघितली की आपणहून खाली बसतो. मी कशाला मोडू?" चंदर लोहारानं पाटे सोडून एकेकाला बोट लावून दाखवलं. एकही घासलेला नव्हता. साहेब म्हणाले, "खोड ते." खोडलं.)

प्रकरण दुसरं: उलगडा (दुरुस्त)

मांजरं.

मंगळवारी चंदरशी बोलताना हे माझ्या ध्यानात आलं. चंदर म्हणाला, "दर शुक्रवारी मी पाटे सोडतो, गंज पुसतो, एरंडेल लावतो, वर गोणपाट गुंडाळतो. अशी राखली तर कमान दहा वर्षं जाईल. पण माझी पाठ फिरली की हा अलीमियाँ येतो आणि वरून माशाचं तेल चोपडतो."

"मचव्याला तेच लावत होतो," अलीमियाँ म्हणाला. "मचव्यानं कधी तक्रार केली न्हाय."

आता पाहा. माशाचं तेल म्हणजे मांजरं. डावीकडे अकरा पाटे, उजवीकडे नऊ. जास्त पाटे, जास्त तेल, जास्त मांजरं. गाडी उभी असते तेव्हा ही मांजरं डाव्या कमानीवर चढतात, आणि तिला दाबतात.

(मोजणी केली. डावीकडे पाच मांजरं, उजवीकडे चार. फरक एक मांजर. साहेबांनी ते फरकाचं मांजर ताईच्या तराजूत घालून पाहिलं. साहेबांच्या हाताला आता ताईनं हळद लावली आहे. मांजर गेलं, गाडी कललेलीच राहिली. खोडलं.)

याच वेळी खाला पुन्हा आली. धुण्याचं बोचकं तिच्या काखेत.

"बाबाजी, धोंडा?"

"खाला, इथे एका माणसाचं पोट पणाला लागलंय!"

"मला ठाव हाय, माझाच लेक हाय तो. पन त्याचा सदरा चार दिस धुतला न्हाय. तपासनिसापुढं असाच उभा ऱ्हानार काय?"

प्रकरण दुसरं: उलगडा (दुरुस्त, पुन्हा दुरुस्त)

कोकण समुद्राकडे उतरता आहे. सह्याद्रीवरून पाणी खाली येतं, तशी गाडीही पश्चिमेकडे कलते. दोष जमिनीचा. तपासनिसानं जमिनीचा परवाना रद्द करावा.

सिद्ध करणं सोपं. गाडी पश्चिमेला डावा खांदा करून उभी आहे. ती उलटी फिरवा, आता उजवीकडे कलेल.

(फिरवली. डावीकडेच कलली. आता डोंगराकडे, म्हणजे चढावर. साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "गाडी हट्टी आहे." अब्दुस्समद चाकाशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "सदूभाव, मचव्याचा नवा मालक मला खलाशी म्हणून घेईल का, विचारून ठेवतोस?" मला त्याच्याकडे बघवलं नाही. खोडलं. कागद फाटला.)

प्रकरण पाचवं: गुरुवार

तपासनीस नऊ वाजता आला. सडपातळ, छत्रीवाला, न हसणारा. त्यानं खिशातून पाणसळ काढली, म्हणजे काचेच्या नळीत पाण्याचा बुडबुडा असतो ना, गवंडी वापरतात ती. हौद्याच्या मागच्या फळीवर आडवी ठेवली. बुडबुडा सरळ उजव्या टोकाला जाऊन चिकटला.

"डावी बाजू खाली," तपासनीस म्हणाला आणि पेन्सिलीला टोक काढू लागला.

अब्दुस्समदनं टोपी काढली आणि परत घातली. मी पुढे झालो. "साहेब, या प्रकरणात माझे तीन सिद्धांत..."

"बाजूला हो," शहरबानू खाला म्हणाली, मला कोपरानं सारून बोचक्यासकट हौद्यात चढली आणि डाव्या बाकावर बसली.

"अम्मा, तू कुठं?"

"मुरूडला, माझ्या भैनीकडं, सुगराकडं. तिच्या दारात धोंडा हाय. या गावात तर धुन्याची सोय ऱ्हायली न्हाय."

(यापुढचं मी सांगतो. साहेब इथे पाणी प्यायला गेले.

खाला बसली आणि पाय हलवायला लागली. टाच बाकाखालच्या फळीवर आपटली. टक. ती थांबली. पुन्हा आपटली. टक. पंचवीस वर्षं ज्या दगडावर धुणं आपटलं त्याचा आवाज तिला कळला नसता तरच नवल. ती खाली उतरली, गोणपाट ओढलं, फळी उचकटली आणि आत हात घातला.

"समद! माझा धोंडा!"

निळीचा डाग होता, कोपरा फुटलेला होता. तोच.

सगळे अलीमियाँकडे वळले. त्याला काही वावगं वाटलं नाही.

"रिकामं गलबत वाऱ्यात कलंडतं," तो म्हणाला. "बुडात दगड नको?"

"अली," अब्दुस्समद हळूच म्हणाला, "सगळे डावीकडंच?"

"वारं डावीकडून असतं, तांडेल. सकाळी आपन आगरदांड्याला खाली, दक्षिनेला जातो, तवा मतलई वारं जमिनीवरून येतं. डाव्या अंगावर. दुपारी वर येतो, तवा खारं वारं दर्यावरून. परत डाव्या अंगावर. वाऱ्याच्या अंगाला वजन ठेवायचं, हे तुमीच शिकवलंय."

जमलेले चार जुने खलाशी माना डोलावू लागले. हिशेब बरोबर होता.

"आधी थोडेच होते," अलीमियाँ म्हणाला. "चंदरनं पाटे घातले, गलबत उंच झालं. उंच गलबताला वारं जास्त. म्हनून वाढवले. त्यानं परत घातले, मी परत वाढवले."

"अरे मग सांगायचं नाहीस?" चंदर ओरडला.

"बुडात दगड हायत का, असं कोन विचारतं? असतातच."

तपासनीस पेन्सिल धरून उभाच होता. पन्नास वर्षं रस्त्यांवर काढली असती तरी त्याला हे सुचलं नसतं.

दगड बाहेर येऊ लागले. खालाचा धोंडा. रावजीच्या बैलगाडीच्या चाकाखाली टेकवायचा दगड. चंदरच्या भट्टीपुढचे दोन. आणि सगळ्यात खाली एक लांबोळा, चपटा, वरून गुळगुळीत झालेला. मी तो लगेच ओळखला. आमच्या दारातली पायरी.)

प्रकरण पाचवं, पुढे चालू

(साहेब पाणी पिऊन आले. पायरीकडे बघून म्हणाले, "हा दगड कुठेतरी पाहिलाय." मग लिहून घे म्हणाले.)

मी परतलो तेव्हा गाडीचा डावा खांदा हळूहळू वर येत होता. लोक बघत होते. अब्दुस्समदचे ओठ हलत होते, बहुधा दुवा मागत असावा. गाडी वर आली, सरळ झाली, आणि थांबली नाही. डावीकडे अकरा पाटे, उजवीकडे नऊ. गाडी उजवीकडे कलली.

बुडबुडा सरकत डाव्या टोकाला जाऊन चिकटला.

"उजवी बाजू खाली," तपासनीस म्हणाला.

"दोन पाटे काढतो, साहेब!" चंदर म्हणाला. "दुपारपर्यंत!"

"मला दहाला पुढच्या गावी पोचायचंय. आता सरळ असेल तर सही. नाही तर नाही."

"दगड परत भरू?" अलीमियाँनं विचारलं.

"दगडांनी भरलेल्या गाडीला मी परवाना देणार नाही," तपासनीस म्हणाला. "माणसं असतील तर गोष्ट वेगळी. गाडी माणसांसाठीच आहे."

अलीमियाँनं एक डोळा मिटला. वीस वर्षं त्यानं मचव्याचा तोल नजरेनं साधलेला. त्याची नजर जमावावरून फिरली. रावजीवर थांबली, पुढे गेली. सदूवर थांबली, पुढे गेली. माझ्यावर येऊन थांबली.

"हे," तो म्हणाला. "हेच वजन बरोब्बर बसतंय."

(साहेबांना चौघांनी उचलून डाव्या बाकावर ठेवलं. बुडबुडा निघाला, मध्याकडे आला आणि जरा अलीकडे थांबला. अलीमियाँ म्हणाला, "जरासं कमी पडतंय." तो वाकला आणि आमची पायरी उचलून साहेबांच्या मांडीवर ठेवली. तपासनीस पायरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "प्रवाशाचं सामान चालतं." बुडबुडा मधोमध.

सही झाली. अब्दुस्समद खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खाला म्हणाली, "रडू नको, सदरा आदीच मळलाय." आणि धोंडा डोक्यावर घेऊन विहिरीकडे गेली.)

प्रकरण दुसरं: उलगडा (अखेरचा)

प्रकरण अवघड होतं. फिर्यादी हताश, साक्षीदार मख्ख, तपासनीस निष्ठुर. अखेरीस मी स्वतः गाडीत जाऊन बसलो, आणि मी बसताच गाडी सरळ झाली. बारावा गुन्हा उघडकीला आला.

(सदूची टीप: यात खोटं काही नाही.

भट्टीचा भाता फाटला, तो शिवण्यात अडकल्यामुळे चंदर पाटे पुढच्या शुक्रवारी काढणार आहे. तोवर रोज सकाळी साहेब पायरी मांडीवर घेऊन डावीकडे बसतात आणि आगरदांड्याला जाऊन येतात. विचार चांगला होतो म्हणतात.

घरातून निघताना मात्र अजून अडखळतात.)