दहावा दिवा दिसत नाही, साहेब

तुमच्या खिडकीतून आत्ता किती मीटरपर्यंत दिसतं? 'बरंच लांबवर' हे उत्तर चालणार नाही. 'स्वच्छ आहे' हेही नाही. आकडा सांगा. नाही ना सांगता येत? मग मल्लेश्वरममध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या हुक्केरीकर अण्णांच्या मते तुम्ही ती खिडकी उगाच बसवून घेतली आहे.

अण्णा रोज उजाडताना गच्चीवर जातात. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी. तिथून ते गल्लीतले विजेचे खांब मोजतात. सगळे खांब आणि त्यामागची पाण्याची टाकी दिसली की स्वारी खूश. थंडीत धुकं उतरलं की वरूनच ओरडतात, "चार खांब! स्वल्प सावकाश!" कोपऱ्यावरचा ऑटोवाला मंजुनाथ आता निघण्याआधी स्वतःच मान वर करून विचारतो, "अण्णा, इवत्तु एष्टु?" आज किती?

हा नुसता छंद नाही. अण्णा बेळगावकडचे, त्यांची सगळी नोकरी विमानतळाच्या हवामान कचेरीत गेली. आता धावपट्टीजवळ यंत्रं बसली आहेत. त्यांच्या काळी धुकं पडलं की माणूस धावपट्टीपाशी उभा राहायचा आणि कडेचे किती दिवे दिसतात ते मोजायचा. दिवे ठरावीक अंतरावर असतात, त्यामुळे दिव्यांवरून मीटर निघत. तो आकडा वैमानिकाकडे जाई. विमान उतरवायला खाली यायचं की नाही, हे त्यावर ठरे.

एकदा कुणी मंत्री यायचे होते. विमान उतरायला हवे होते दहा दिवे, अण्णांना दिसत होते नऊ. साहेब म्हणाले, "हुक्केरीकर, एका दिव्याचा तर प्रश्न!"

अण्णांनी नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. "दहावा दिवा मला दिसत नाही, साहेब. तुम्हाला दिसत असेल तर तुम्हीच लिहा की. खाली सही करा."

साहेबांनाही मग तो दिवा एकाएकी दिसेनासा झाला. मंत्र्यांचं विमान उतरलं नाही, ते चेन्नईला जाऊन आले. अण्णांची बढती मात्र पुढे तीन वर्षं धुक्यातच राहिली.

मी चळवळीतल्या घरात, पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी पत्रक पडायचं. हा किस्सा ऐकून मी लगेच कागद पुढे ओढला. अण्णांच्या कानडीत मी 'पुट्टी', म्हणजे छोटी. म्हणाले, "पुट्टी, दिसलं नाही ते लिहिलं नाही, एवढंच. त्याला पत्रक कशाला की?"

पण हे शास्त्र ते सगळीकडे लावतात, ही खरी पंचाईत. मला स्थळ आलं तेव्हा आईला म्हणाले, "एका भेटीत नऊच दिवे दिसतात, अक्का. वरून एक चक्कर मारून परत येऊ दे त्याला." तो आलाच नाही. अण्णांचं म्हणणं, इंधन कमी असणार.

त्यांची मुलगी मीनल दिल्लीला असते. गेल्या जानेवारीत दोन वर्षांनी ती येणार होती. दुपारी एकला शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला तिची मीटिंग, संध्याकाळी परत. विमान सातला उतरणार, म्हणजे सकाळ तेवढी अण्णांच्या वाट्याला. साडेपाचलाच आम्ही दोघं विमानतळावर हजर. बाहेर पाहून अण्णा हळूच म्हणाले, "सातच खांब."

सातच्या पुढे डोक्यावर आवाज आला. जवळ आला, अगदी खाली आला आणि मग एकदम वाढून वर निघून गेला. विमान दिसलं नाहीच. थोड्या वेळाने फलकावर आलं: चेन्नईला वळवलं.

काउंटरवरच्या मुलीभोवती गर्दी झाली. एक कोटवाले गृहस्थ टेबलावर हात आपटत होते. "दिल्लीहून इथवर आलात आणि शेवटच्या दोनशे फुटांत घाबरलात?" मीही तोंड घातलं, "कारण लेखी द्या!" माझी तर घोषणा तयार होती.

अण्णा गर्दीतून पुढे आले आणि त्या मुलीला म्हणाले, "वैमानिकाला एक निरोप द्याल? म्हणावं, बरं केलंत."

गृहस्थ उसळले. "तुमचं काय जातंय, आजोबा? तुमचं कोण आहे त्या विमानात?"

"मुलगी."

गृहस्थांनी टेबलावरचा हात काढून घेतला. मी माझी घोषणा गिळली.

मग अण्णा खुर्चीवर बसले आणि दर दहा मिनिटांनी मला फोनवर चेन्नईची हवा बघायला लावू लागले. "सहा किलोमीटरपर्यंत दिसतंय, अण्णा. मघाशीही सहाच होते."

"मघाचं मघाशी. आत्ताचं सांग."

मीनल बाहेर आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. घरी यायला वेळच नव्हता. अण्णा सरळ तिच्या टॅक्सीत बसले, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. बेळ्ळंदूरच्या अलीकडे जे ट्रॅफिक लागलं, त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा मनातून दुवा दिला. बाप-लेकीला आणखी पाऊण तास मिळाला. त्यातली पहिली वीस मिनिटं दोघं धुक्यावरच बोलले.

मीनल मला म्हणाली, "बघ हं. रोज सकाळी यांचा फोन येतो. 'तुझ्या खिडकीतून काय दिसतं?' मी सांगते, टाकी दिसते, शाळा दिसत नाही. झालं, फोन बंद. कशी आहेस, हे काही आमच्या अप्पांनी आजवर विचारलेलं नाही."

 अण्णांनी स्वेटरच्या आतून एक लहानशी डायरी काढली, चष्मा पुसला आणि आजची तारीख लिहायला घेतली. मीनलने ती त्यांच्या हातातून काढून घेतली, पानं उलटली आणि वाचत राहिली. मग ती माझ्याकडे दिली.

'टाकी दिसते. शाळा नाही. आवाज बसलाय.'

'टाकी अर्धी. घाईत होती. जेवली नसावी.'

'काहीच दिसत नाही. रडून बोलली असं वाटलं. विचारलं नाही.'

'सगळं स्वच्छ. दोनदा हसली.'

दोन वर्षांची पानं होती.

म्हणून एक मागणं. कधी तुमचं विमान धावपट्टीजवळ येऊन पुन्हा वर गेलं, तर काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. आणि कुठे का उतरेना, फोन लागला की 'उशीर होईल' एवढंच सांगून ठेवून देऊ नका. जो वाट पाहतोय त्याच्याशी दोन मिनिटं जास्त बोला. त्याला तुमचा आवाज नीट ऐकू द्या.