शालनआक्काचा फुलाफुलाचा पायजमा

शालनआक्काच्या पार्लरात तुमी घट्ट जीन घालून गेलात तर ती जीन काय त्याच दिवशी परत मिळायची न्हाय, आदीच सांगून ठेवते. दाराच्या मागं खिळं ठोकलेत, तितं ती लटकती, आन् तुमाला घरी जायाचं असतंय आक्काच्या पायजम्यात. पायजमा आक्का सवता शिवती, जुन्या सुती पातळाचा, एका पायात धा किलो भेंडी बसंल येवढा ढगळ, आन् वर ही मोट्टाली गुलाबी फुलं. परवा या, पायजमा द्या, जीन न्या. कालिजातली पोरगी असो न्हायतर बँकेतली मॅडम, सुटका न्हाय. मी पयल्यांदा गेले तवा दारामागं जीनी आन् लेगिन लटकत हुत्या, मला वाटलं बाया हितं पाय काढून ठिवून गेल्या का काय.

बारामतीत मंडईच्या मागल्या गल्लीत तिची ही एकच खोली. बाहेर बोर्ड, "पुरुषांनी दारात थांबू नये, पुढं जाऊन थांबावं." खाली कामं लिवलीत, भुवया, तोंड, हात, पाय, आतलं. आतलं म्हंजी त्येच, ज्याला मोबाईलमदी बिकिनी वॅक्स म्हनत्यात. आक्का म्हनती, "बिकिनी हितं कोन घालतंय गं? कॅनॉलात पवायला?"

मी काय हौस म्हनून गेले नव्हते. आमी कन्हेरी गावचं, भाजीपाला करतो. माजी परी आठ म्हैन्याची. तिच्या टायमाला दवाखान्यात नर्सनं ब्लेड फिरवलं, मंग केस वाढताना जी खाज सुटली ती सुटलीच. मी आपलं मालकांच्या ब्लेडनं पुन्यांदा तसंच केलं, तर मांडीच्या मुळाशी फोडच फोड, चालाया यिना. बोलू कुनाला? आईला सांगावं तर आईचा फोन कायम स्पीकरवर, निम्मा वाडा ऐकतोय. आन् सासूबाईंना, आमी त्यांना आत्या म्हनतो, त्यांना सांगायची माजी छाती न्हाय. आत्या नुसत्या खोकल्या तरी माज्या हातातली भाकरी तुटती. मंग मोबाईलमदी बघितलं आन् लेकीला डोस द्यायचं निमित्त करून आक्काकडं गेले.

आक्कानं बघितलं आन् मला हाकलूनच दिली. "ह्या फोडांवर वॅक्स? तुला काय सोलून घ्यायचीया व्हय? जा. फोड बसू दे, केस तांदळाच्या दान्याएवढं होऊ दे, मंग ये. आन् पाळी तोंडावर असंल तवा येऊ नगं, तवा कातडी लई हुळहुळी असती." मी म्हनलं किती पैसं, तर म्हनली, "हाकलायचं पैसं न्हाय घेत मी."

दुसऱ्यांदा गेले तवा काम झालं. आक्का गरम मेन आदी सवताच्या मनगटावर लावून बघती. एकदा लावलेली काडी पुन्यांदा भांड्यात बुडवत न्हाय, मोडून टाकती. आन् वढायच्या टायमाला म्हनती, "वरडायचं असंल तर नवऱ्याचं नाव घिऊन वरड. उखान्याला लाजती, हितं लाजू नगं." मी येवढ्या जोरात नाव घेतलं का बाहेर पुढं जाऊन थांबलेला एक मानूस आनखी पुढं गेला.

मंग थंड पान्याची घडी ठिवली आन् भाषान सुरू. आक्काचं सगळं भाषान एकाच वाक्यानं सुरू हुतं, "कातडी रुसती, बाय. रुसलेल्याला रगडायचं नसतंय." आज ऊन पान्यानं अंघोळ न्हाय. वासाचा साबन न्हाय, पावडर न्हाय, शेंट न्हाय. घाम यील असलं काम न्हाय. नवऱ्याला आज लांब झोपव. खाजवायचं तर अजाबात न्हाय. दोन-तीन दिस गेल्यावर वल्या मऊ फडक्यानं हळूच चोळायचं, म्हंजी केस आतल्या आत वळून फोड येत न्हाय. आन् घट्ट कायबी घालायचं न्हाय. येवढं म्हनली आन् माजी लेगिन खिळ्याला.

आता त्या पायजम्यात मी कन्हेरीत जाऊ कशी? त्यो पायजमा आख्ख्या बारामतीत वळखीचा हाय. स्टँडवर दोन बायांनी माज्याकडं बघितलं आन् एकमेकींकडं बघून हसल्या. घरी पोचल्या पोचल्या गोठ्यात शिरले, पायजमा काढून पेंढीत कोंबला आन् दुसरी लेगिन चढवली. बाहेर येती न्हाय तवर आत्या दारात. "आलीस? चल भेंडीला, उद्याचा माल राहिलाय."

भेंडी तोडली न्हाय त्यांना सांगते, तिला बारीक लव असती, हाताला, मानंला, सगळीकडं खाज. त्यात ऊन, त्यात घाम, त्यात घट्ट लेगिन. संध्याकाळी नुसती आग. मग जे सुचलं ते करत गेले. दवाखान्याच्या वासाचं ते औषध असतंय ना, ते कढत पान्यात टाकून धुतलं. मंग मोबाईलमदी कुनी म्हनलं हळद-लिंबू, ते लावलं. मंग ती आग थांबवाया पावडर. सकाळी बघितलं तर लालभडक, बारीक पुरळ, हात लावू दिना.

आन् मग माजी पाचावर धारन बसली. म्हनलं ह्यो काय तरी रोग लागला. आक्काच्या गादीवरनं लागला का आनखी कशानं, आन् आता माज्यावरनं परीला लागनार. लेकरू दूध पितंय, अंगावर झोपतंय. मी तिला घेतलीच न्हाय. वाटीनं दूध आत्यांच्या म्होरं सरकवलं आन् म्हनलं, कंबर धरलीया. परी माज्याकडं हात करायची आन् मी भिंतीकडं तोंड करायची. छाती दगडासारखी झालेली, पदर भिजायचा, तरी घेतली न्हाय. आत्या एक दिस बघत राहिल्या. दुसऱ्या सकाळी म्हनल्या, "लेकराला घेत न्हाय असली आई मी बघितली न्हाय. काय असंल ते बोल, न्हायतर तुज्या भावाला फोन लावते, म्हायेरी घिऊन जा म्हनते." मी नुसती रडले. आक्काकडं परत जायाचं तर डोक्यातनं कवाच गेलं हुतं.

तर त्याच दिवशी उन्हं चढल्यावर अंगनात स्कूटी थांबली. डोक्याला बाप्यांची टोपी, हातात माजी लेगिन झेंड्यावानी धरलेली, शालनआक्का! गावात भेंडीवाल्यांचं घर कुठलं इचारत इचारत आलेली. आत्या कॅरेट भरत बसलेल्या, मांडीवर परी किरकिरतीया.

"कोन वो तुमी?"

"मी शालन. तुमच्या सुनंनं माजा पायजमा आनलाय, त्यो न्यायला आले."

"तुमचा पायजमा आमच्या सुनंकडं कसा काय?"

"तिची लेगिन माज्याकडं कशी, तसाच."

आत्यांच्या हातातली भेंडी हातातच राहिली. मला वाटलं आता धरनी फाटली तर बरं. पन आक्का तवर चपला काढून आत. माज्या तोंडाकडं बघितलं, दार लोटलं, म्हनली, "दाव." दावलं. काय काय लावलं ते बी सांगितलं, एकेक. आक्कानं कपाळावर हात मारला.

"हळद, लिंबू, वरनं कढत औषध! अगं कातडीला लावलंस का लोनचं घातलंस?"

मी म्हनलं, "आक्का, रोग हाय ना? परीला लागंल ना?"

"लेकराला घेतली न्हायस?"

मी मान हलवली. तशी आक्का गपकन खाली बसली. मंग सवता माठातलं पानी घेतलं, धुतल्यालं सुती फडकं बुडवलं, पिळलं, नुसतं ठिवलं, दाबलं न्हाय, घासलं न्हाय. "कातडी रुसलीया नुसती. पू न्हाय, ताप न्हाय. ही काय कुनाला लागत न्हाय. कायबी लावायचं न्हाय आता. उद्या आग कमी झाली का कोरफडीचं पान काप, पिवळं पानी निथळू दे, आतला गर धू, आदी हातावर लावून बघ, चुनचुनलं न्हाय तरच तितं लाव. आन् पू झाला, ताप आला, लाली पसराया लागली, तर माज्याकडं येऊ नगं, थेट दवाखान्यात जायाचं. कळलं? आता ऊठ, साबनानं हात धू, ती भेंडीची लव जाऊ दे, आन् लेकरू घे."

दार उघडलं तर आत्या दारातच. परी काखंत. सगळं ऐकल्यालं. मी म्हनलं संपलं. आत्यांनी परीला माज्या वटीत दिली. परी अशी तुटून पडली का दोन्ही मुठीनं माजं झंपर धरलं, आन् पिता पिताच हुंदका द्यायची. मला किती दिसांनी श्वास आल्यागत झालं.

आन् आत्या काय बोलतील म्हनून मी मान वर करीना, तर आत्या आत आल्या आन् दाराला आतनं कडी घातली. लई हळू आवाजात म्हनल्या, "बाई, माजं बी जरा बघता का?"

आत्यांना किती तरी वर्सं हुतं ते. जांघंत. रानातला घाम, वलं लुगडं, दिसभर तसंच. राख लावायच्या, बाम लावायच्या, आन् रातभर तळमळायच्या. मला वाटायचं ह्यांचा सभावच चिडका. आक्कानं बघितलं. मला वाटलं आता आत्यांना बी लोनच्यावरनं बोलनार, पन आक्का वरडली न्हाय. पयल्यांदाच तिचा आवाज मी येवढा बारीक ऐकला.

"आत्या, ह्ये माज्या हातातलं न्हाय. ह्ये खरं गजकर्नावानी दिसतंय, डाक्टरीन बाईंना दावाय लागंल. गोळ्या-मलम दिलं का बरं हुतंय. उद्या जाऊ. मी येते संगं."

"तुमी कशाला कामाची खोटी करताय? जाईन मी एकली."

"एकलीनं जायाचं न्हाय," शालनआक्का म्हनली आन् फडकं पिळत राहिली. पिळायला त्यात पानी राहिलं नव्हतं. "मी गेलते एकली. इंदापूरकडं दिली हुती मला. नवीन लगीन, नवऱ्याच्या ब्लेडनं असंच करून घेतलं, असंच पुरळ आलं. सासू म्हनली पोरीला रोग हाय, आदीपासनंच हुता, फसवलं. कऱ्हाटीला म्हायेरी आनून सोडली. म्हायेरची मानसं बी लाजली. मी एकलीच दवाखान्यात गेले. डाक्टर हसलं, म्हनलं काय न्हाय ह्ये, ढगळ सुती घाल, आठ दिसांत जाईल. आठ दिसांत गेलं बी." मंग जरा थांबून म्हनली, "न्यायला कुनी आलं न्हाय."

परीचा चुटूचुटू आवाज तेवढा यीत हुता. आक्का उठली, टोपी घातली, "उद्या सकाळी स्कूटी घिऊन येते, तयार रावा," म्हनली आन् गेली.

पन आत्यांनी रातीच मालकांना सांगून ठिवलं. सकाळी आमी टेम्पोत बसलो, म्होरं मालक, मदी मी आन् परी, कडंला आत्या, मागं भेंडीची कॅरेटं. मंडईत माल उतरवाया मालक थांबलं आन् आमी तिघी मागल्या गल्लीत. आक्का निघायच्याच बेतात, स्कूटी पुसत हुती. आमाला बघून म्हनली, "अवो, मी येतच हुते की. तुमी कशाला आला?"

आत्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. येवढ्या रुबाबात उभ्या राहिल्याल्या मी त्यांना माज्या लग्नातबी बघितल्या नव्हत्या. म्हनल्या, "शालन, चल. न्यायला आलीया मी."

आक्का कुलूप आनते म्हनून आत गेली. कुलूप तर दारालाच लटकत हुतं. आत्या पायरीवर बसल्या, परीला माज्याकडनं मागून घेतली आन् म्हनल्या, "यील यील. काय घाई हाय आपल्याला?"