आधीचे केस

नणंद आली ती केस कापूनच. थोडेथोडके नव्हे, पार कानाच्या वर.

"अगं, केस कुठायत?" सुनेने दारातच विचारलं.

"पाहुण्यांसमोर त्या झिपऱ्या घेऊन बसू का, वहिनी? मला लाज वाटली. म्हटलं, जरा नीटनेटकं जाऊ."

त्या झिपऱ्यांवरच तर आजची दुपार उभी होती. सून पूर्वी रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होती. ती नोकरी सोडून तिने घरामागच्या खोलीत केसांचं एक मलम तयार केलं होतं. केसाच्या आत म्हणे बारीक जोड असतात. ब्लीचने, गरम इस्त्रीने, स्वस्तातल्या कलपाने ते तुटतात आणि केसाचा काथ्या होतो. हे मलम ते जोड पुन्हा सांधत होतं. मोठमोठ्या दुकानांसाठी माल निवडणाऱ्या एक खरेदीबाई आज हा चमत्कार डोळ्यांनी पाहायला येणार होत्या. त्यांना पटलं तर मलम शहराशहरांत जाणार, नाही पटलं तर सून मुकाट्याने भिंतीच्या रंगाकडे परतणार, असं घरात ठरलं होतं. पण चमत्कार दाखवायचा तर आधी बिघडलेलं डोकं हवं. नणंदेने ब्लीच करकरून केसांचा चोथा केला होता, म्हणून तर तिला 'तेलाचं बोटसुद्धा लावू नकोस' असं बजावून महिनोन् महिने जपून ठेवलं होतं.

"दादाचं डोकं घेतलं तर?" नणंद म्हणाली.

सगळ्यांनी दादाच्या टकलाकडे पाहिलं. तिथे जोडायला काही शिल्लकच नव्हतं. बिचारा आपल्या परीने मदत करायचा. तो पंप दुरुस्त करणारा माणूस. मलमाचा प्रत्येक घाणा एक बाटली कमी भरतो, वाफ कुठून तरी निसटते, असं बायको म्हणायची. म्हणून त्याने पातेल्याचं झाकण कितीदा तरी बदललं होतं. गळती काही सापडली नव्हती.

सून गल्लीत धावली. शेजारच्या शिक्षिकेने दार उघडलं, तर तिच्या पाठीवर केस नुसते झुळझुळत होते.

"खराब केस? माझे? अगं, तूच नाही का बाटली दिलीस वापरून बघायला?"

समोरच्या घरी तेच, वरच्या मजल्यावर तेच. दोन वर्षं तिने घरोघरी नमुने वाटले होते आणि आता अख्ख्या गल्लीत एक तुटका केस औषधाला सापडत नव्हता. स्वतःच्या पायावर इतकं मन लावून धोंडा कुणी पाडून घेतला नसेल.

मग ती कोपऱ्यावरच्या पार्लरवालीकडे गेली. "माझी एक बट बिघडवून दे. होईल तेवढी बिघडव."

पार्लरवालीने दुकानातलं सगळ्यात जहाल ब्लीच काढलं. बराच वेळ ठेवलं. धुतल्यावर बट कणसाच्या केसासारखी पिवळी झाली होती. तिने ती ओढली. तुटली नाही. बोटाला गुंडाळून हिसका दिला, तरी नाही. तशी ती हातातला कंगवा ठेवून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"उभा जन्म ह्या धंद्यात गेला माझा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "पण असला केस नाही बघितला बाई."

दोघी दिव्याखाली ती बट धरून नुसत्या पाहत राहिल्या. आपण काय करून बसलो आहोत हे सुनेला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. तिला रडू आलं. ते आनंदाचं की संकटाचं, हे तिचं तिलाच समजेना.

आता एकच डोकं उरलं होतं. सासूबाईंचं. मलमाच्या पहिल्या घाण्यालाच त्यांनी जाहीर केलं होतं, "भिंती रंगवणारी बाई आता माणसांच्या डोक्याला लागली. माझ्या केसाला तो चिकटा लागला, तर मी नाव बदलून घेईन." तेव्हापासून त्या सर्दीच्या नावाखाली डोक्याला रुमाल घट्ट बांधून असत. आत वर्षानुवर्षांच्या कलपाने काय दशा झाली असेल, याची घरात सगळ्यांना कल्पना होती.

सून परतली तेव्हा खरेदीबाई बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. ती थेट आत गेली.

"आई, तुम्हाला हे पटत नाही, ठाऊक आहे मला. पण आजचा दिवस तुमचे केस द्या."

"माझे नकोत."

"मी कधी काही मागितलंय तुमच्याकडे?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "फारच अडलंय का तुझं?"

"बुडालंच आहे, आई."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला, बाहेर येऊन खुर्चीत बसल्या आणि स्वतःच रुमालाची गाठ सोडली.

केस कमरेपर्यंत आले. काळे-रुपेरी, दाट, आणि असे तकतकीत की खिडकीचा उजेड त्यांवरून घरंगळत होता.

"म्हणजे झाकण बरोबर होतं," नवरा हळूच म्हणाला.

"आई, तुम्ही लावत होता?"

"दोष काढायचा तर आधी लावून बघायला नको?"

"दोन वर्षं?"

"सापडत नाहीये अजून," सासूबाई म्हणाल्या.

खरेदीबाई हसल्या, पण बाई पक्क्या होत्या. "केस सुंदरच आहेत. पण आधी कसे होते ते मला कसं कळणार? जन्मापासून असेच असतील."

सुनेचा चेहरा उतरला. सासूबाई लेकीला म्हणाल्या, "माझ्या कपाटातला पत्र्याचा डबा आण गं."

डब्यात गुंतवळ होतं. विंचरताना कंगव्यात अडकलेले केस त्या कधी टाकत नसत, गुंडाळी करून ठेवत. डबा काठोकाठ भरला होता.

"हे सगळं मलमाच्या आधीचं. आणि त्यानंतरचं एवढंच," म्हणत त्यांनी बोराएवढी गुंडाळी दाखवली.

खरेदीबाईंनी डब्यातला एक केस काढला. वाळक्या गवतासारखा त्याचा तुकडा पडला. मग विचारून त्यांनी सासूबाईंच्या डोक्यावरचा एक घेतला. ओढला, पीळ दिला, पुन्हा ओढला, शेवटी खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"एकाच डोक्याचे?"

"डोकं माझंच," सासूबाई म्हणाल्या. "हातगुण हिचा."

इतक्या वर्षांत एवढा गोड शब्द सुनेने त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. ती पदराआड रडली.

"माल घेतला," खरेदीबाई म्हणाल्या. "नाव काय ठेवलंय?"

नाव ठरलं नव्हतं. पण नाव बदलायचं कुणीतरी कबूल केलं होतं, याची आठवण नणंदेला बरोबर त्याच वेळी झाली.

सासूबाईंचं नाव अर्थातच बदललं नाही. बाटलीवर मात्र 'सासूबाई' छापलं गेलं, आणि आज शहराशहरांतल्या सुना हौसेने दुकानात जाऊन सासूबाई विकत घेतात. घरामागच्या खोलीचा कारखाना झाला आहे. पातेली माणसाच्या उंचीची आली आहेत, तरी प्रत्येक घाणा एक बाटली कमीच भरतो. नवा देखरेखवाला काळजीने विचारायला येतो, "बाई, झाकण बदलू का?"

"राहू दे," सून म्हणते. "आईंचा दोष सापडायचाय अजून."